ड्रमवरचा अर्धा टॉवेल

मी एक टॉवेल बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धाच टॉवेल. माझा उरलेला अर्धा भाग, म्हणजे माझा सख्खा भाऊ, लाँड्रीच्या दाराशी फरशी पुसत असतो आणि त्याला गाण्याबिण्यातलं काही कळत नाही. मला थोडंफार कळतं. तुम्ही रेडिओवर ते गाणं कदाचित ऐकलं असेल, ज्यात शेवटच्या कडव्यात गाणारी बाई मध्येच खुदकन हसते आणि हसत हसतच पुढे गाते. ती का हसली, असं पुष्कळजण विचारतात. ती माझ्यामुळे हसली.

पण हे सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं.

माझा जन्म एका गिरणीत झाला. पांढरा रंग, कडेला पिवळा पट्टा आणि अंगभर मऊ लव. दुकानातून मला आत्याने घरी नेलं. ती खरी आत्या एकाच मुलीची, पण आमच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. तेव्हा ती तरुण होती आणि एका वाद्यवृंदात गायची. मला तिने खास पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलं होतं. पाहुणे आले की मात्र ती दुसराच टॉवेल पुढे करायची. "हा नको, हा खराब होईल," असं म्हणायची. नवीन वस्तूंच्या नशिबात हे असतंच. ज्याच्यासाठी आणलं त्याला सोडून बाकी सगळं होतं.

कपाटातून मी पहिल्यांदा बाहेर पडलो तो तिच्या कार्यक्रमाच्या दिवशी. तिने मला घडी करून पिशवीत घातलं. सभागृह भरलं होतं. मी रंगमंचामागे एका खुर्चीच्या पाठीवर होतो, त्यामुळे मला नुसतं ऐकू येत होतं. आत्याचा आवाज चढत चढत वर गेला आणि अगदी वरच्या सुरावर फाटला. फार नाही, जरासाच. पुढे गायली असती तर लोक विसरले असते. पण ती थांबली. "माफ करा," एवढं म्हणाली आणि गाणं तिथेच सोडून आत आली. आल्या आल्या तिने मला उचललं आणि तोंडावर घट्ट दाबून धरलं. मी टॉवेल आहे. घाम कोणता आणि पाणी कुठलं, हे मला कळतं.

त्यानंतर ती गायला म्हणून कुठे गेली नाही. तिने लाँड्री काढली.

लाँड्रीत माझं बरं चाललं होतं. आधी हात पुसायला होतो, मग विरलो, मग एके दिवशी आत्याने कात्री घेतली आणि माझे दोन तुकडे केले. एक खाली फरशीवर गेला आणि एक वर टेबलावर. वरचा मी. लोकरीच्या पँटवर थेट इस्त्री फिरवली तर कापडाला चकाकी येते, म्हणून मधे ओलं फडकं घालतात. ते फडकं मी झालो. माझ्यावर पाणी शिंपडायचं आणि वरून गरम इस्त्री दाबायची. फुस्स करून वाफ यायची. वर्षानुवर्षं हेच चाललं. माझी सगळी लव बसून गेली, अंग पातळ आणि दाट झालं, एका कोपऱ्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग पडला. आत्याचा धाकटा भाऊ मला टकलू म्हणायचा.

काम करताना आत्या गुणगुणायची. तिचा आवाज आता खाली उतरला होता, जरा खरखरीत झाला होता. पण त्यात ऊब होती, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यात असते तशी. फक्त एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. गाणं कुठलंही असो, सूर वर जायला लागला की ती इस्त्री बाजूला उभी करायची, गप्प व्हायची आणि उगाचच शर्टाच्या घड्या नीट करत बसायची. एकही गाणं तिने शेवटपर्यंत नेलं नाही.

हे आणखी एकीने पाहिलं होतं. ती तिची भाची, चिमणी. शाळा सुटली की ती लाँड्रीत येऊन स्टुलावर बसायची, अभ्यास करतेय असं दाखवायची आणि आत्याचं गुणगुणणं ऐकायची. मोठी झाल्यावर तिने गाणी रचायला सुरुवात केली. तिला वेड होतं जुन्या अमेरिकन सोल संगीताचं. पूर्वी गाणारे, वाजवणारे एकाच खोलीत जमून, ड्रम, बास, सॅक्सोफोन आणि टाळ्यांच्या ठेक्यावर जे पोटातून गायचे, ते. आजच्या गाण्यांत सगळं आहे पण अंगाचा वास नाही, असं तिचं म्हणणं.

चिमणीचे बाबा, म्हणजे आत्याचा हाच धाकटा भाऊ, सुतार. त्याच्या कारखान्यात लाकडाचा भुसा, अर्धवट खुर्च्या आणि कोपऱ्यात एक ड्रमसेट. रविवारी कारखाना बंद असला की तो ड्रम बडवायचा. शेजाऱ्यांचं त्याच्याबद्दलचं मत मी इथे सांगत नाही.

एका रविवारी आत्या त्यांच्यासाठी जेवण घेऊन गेली. गरम भांड्याला मला गुंडाळलं होतं. कारखान्यात चिमणी छोट्या ऑर्गनवर बसली होती आणि तोंड वाकडं करून बापाला सांगत होती, "बाबा, हा ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतोय."

"डब्यासारखा म्हणजे? चांगला टणटणीत आहे."

"तेच तर. मला टणटणीत नकोय. मला उशीवर थोपटल्यासारखा हवाय."

"मग उशीच वाजव ना. ड्रमच्या मागे कशाला लागलीस?"

त्याने परत टण्ण टण्ण सुरू केलं. आत्याचं डोकं उठलं. तिने भांडं खाली ठेवलं, मला सोडवलं आणि फेकलं ते थेट ड्रमवर. "पुरे रे. आधी जेवा दोघं."

त्याचा हात मात्र चालूच होता. काठी माझ्यावर पडली आणि आवाज आला, थप्.

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. त्याने परत मारलं. थप्. जाडजूड, कोरडा आणि तरीही मऊ. इतकी वर्षं इस्त्रीखाली दबून माझं जे काही झालं होतं, ते कशासाठी झालं हे मला त्या दिवशी समजलं. जेवण निवलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"ताई," भाऊ म्हणाला, "हा टकलू मला दे."

"आणि पँटला इस्त्री करताना मी मधे काय घालू?"

"दुसरा घे. तुझ्या कपाटात पाहुण्यांचे टॉवेल मावत नाहीत."

असा मी ड्रमवर आलो. चिमणीने त्याच महिन्यात गाणं लिहिलं. वर वर बघितलं तर ते एका बाईने तिच्या माणसाला म्हटलेलं गाणं होतं.

अर्ध्यात उठून जाऊ नकोस,
अजून गप्पा उरल्यात,
दाराशी तुझ्या चपला बघ
माझ्याच बाजूला वळल्यात.

आत्याने ते वाचलं. "चांगलं आहे. कोण गाणार?"

चिमणी ऑर्गनच्या पट्ट्या पुसायला लागली. "तू."

"मी? चिमणे, माझा आवाज आता घसा धरलेल्या कोंबड्यासारखा आहे."

"मला तोच हवाय."

"आणि वरची ओळ? ती कोण गाणार, तुझा बाप?"

"मी तयार आहे," बाप म्हणाला. त्याने एक तान घेतली आणि मग आत्याच 'हो' म्हणाली. त्याचं गाणं थांबवण्याचा तो एकच मार्ग होता.

गाणं टिपून घ्यायला टेपकाका आले. ते रेडिओ दुरुस्त करतात. त्यांच्याकडे मोठ्या चकत्यांचं जुनं टेपयंत्र होतं आणि ते चालवायची त्यांची पद्धतही जुनीच. सगळ्यांनी एका खोलीत, एकाच वेळी वाजवायचं, गायचं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, त्यामुळे नंतर काही कापता येत नाही, काही जोडता येत नाही. एकजण थांबला की सगळं पहिल्यापासून. ते आल्या आल्या म्हणाले, "इथे कात्री चालत नाही. चुकलात तर सगळे चुकलात." कात्रीचं नाव काढलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो, त्यामुळे मला ते फार आवडले.

सॅक्सोफोनला दातांचे डॉक्टर होते. बासला शाळेतले खेळाचे मास्तर. टाळ्या वाजवायला कारखान्यातले दोघं कारागीर. भिंतींना गाद्या टेकवल्या, भुसा झाडून एका बाजूला सारला, आणि ठरलं असं की दोन कडवी ड्रम माझ्यासकट वाजवायचा, शेवटच्या कडव्याला मला काढायचं, म्हणजे आवाज एकदम उघडेल. भावाचे हातपाय वाजवण्यात अडकलेले, म्हणून तो मला काठीच्या टोकाने उडवायचा. सरावात मी प्रत्येक वेळी भुशात पडत होतो. त्याबद्दल कुणी माझं मत विचारलं नाही.

चकत्या फिरू लागल्या. आत्या डोळे मिटून गायला लागली आणि टाळीवाल्यांच्या माना आपोआप डोलायला लागल्या. पहिलं कडवं, दुसरं, आणि मग वरची ओळ जवळ आली.

"थांबा," आत्या म्हणाली. "सॉरी. परत."

परत झालं. परत त्याच जागी ती थांबली. डॉक्टर समजुतीने म्हणाले, "आत्या, घाबरू नका. तोंड जरा मोठं उघडा आणि नाकाने श्वास घ्या."

"डॉक्टर, मी दात काढायला आले नाहीये."

सगळे हसले, पण पुढच्या वेळीही ती थांबली. आणि त्याच्या पुढच्याही. टेपकाकांनी चकतीकडे बघितलं. "टेप आता एका गाण्यापुरती उरलीय. असली टेप हल्ली मिळत नाही. हे शेवटचं."

चिमणी खाली मान घालून बसली होती. मी तिच्यासमोरच ड्रमवर होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. तिला गाणं बिघडण्याची भीती नव्हती. आत्या आज परत अर्ध्यातून उठून गेली तर ती यापुढे इस्त्रीपाशीसुद्धा गुणगुणणार नाही, हे तिला कळलं होतं. ते गाणं तिने कुठल्या माणसासाठी लिहिलंच नव्हतं.

शेवटची वेळ. माझ्यावर काठी पडत होती, थप्, थप्. आत्याचा आवाज चढायला लागला. मी ओळखीची खूण बघितली, तिचा हात कमरेजवळ आला, इस्त्री बाजूला ठेवताना येतो तसा. आता ती थांबणार. तेवढ्यात भावाने मला उडवलं. घाबरून त्याने जरा जास्तच जोर लावला असावा. मी भुशाच्या दिशेला गेलोच नाही. मी उंच गेलो, गरगरलो आणि उतरलो तो आत्याच्या डोक्यावर. कपाळ, डोळे, नाक, सगळं माझ्याखाली.

तिचा सूर फाटला. पण तो फाटला आणि त्यातून हसू बाहेर आलं. खुदकन, लहान मुलीसारखं. तिने मला काढलं नाही. माझ्याखाली तिला कुणी दिसत नव्हतं आणि तीही कुणाला दिसत नव्हती. मला तिचा गरम श्वास लागला, वाफेसारखा, अगदी ओळखीचा. आणि ती गायली. हसत हसत "माझ्याच बाजूला वळल्यात" म्हणाली, वरच्या सुराला गेली, तिथे थोडी खरखरली, तशीच खरखरत राहिली आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. बाहेर ड्रम मोकळा दणदणत होता. डॉक्टर सॅक्सोफोनमध्ये जीव ओतत होते.

टेप संपली. चकती फटफट करत रिकामी फिरत राहिली. टेपकाकांना यंत्र बंद करायचं सुचलं नाही.

आत्याने मला डोक्यावरून ओढलं. "झालं? संपलं?"

"संपलं," चिमणी म्हणाली आणि बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला डोळे पुसायचे होते. मला मागायला हवं होतं, पण तिने बाही वापरली.

गाणं लोकांपर्यंत गेलं ते हळूहळू. आधी एका कंपनीच्या साहेबांनी ऐकलं. "गाणं छान आहे," ते म्हणाले, "फक्त ते हसणं काढा. आणि शेवटचं कडवं एखाद्या तरुण मुलीकडून गाऊन घ्या."

चिमणी फार हळू बोलते. त्या दिवशीही हळूच बोलली. "काढता येत नाही. ते सगळ्यांच्या माइकमध्ये गेलंय."

साहेब गेले. गाणं मग गावातल्या छोट्या रेडिओकेंद्राने लावलं, दुपारच्या आळसावलेल्या वेळी. ते कसं पोहोचलं ते आत्याने दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन सांगितलं, मी खिळ्यावर लटकून ऐकलं. ती दुकानात इस्त्री करत होती. समोर एक बसचालक त्याच्या गणवेशाची वाट बघत उभा होता. रेडिओवर गाणं लागलं. आत्याला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण इस्त्रीसकट आत जावं. पण हसण्याची जागा आली आणि चालक स्वतःच हसला.

"ही बाई हसते ना," तो म्हणाला, "तिथे मला पण येतं हसू. सकाळपासून डोकं फिरलं होतं माझं."

"आवाज जरा फाटतो तिचा," आत्याने खडा टाकून पाहिला.

"फाटू दे की. माझ्या आईचा असाच होता."

आत्या म्हणाली, गाणं संपेपर्यंत मी इस्त्री हलवायचीच विसरले. त्या चालकाच्या गणवेशाच्या खिशावर आता माझ्या डागासारखाच डाग आहे. आत्याने त्याला नवीन शर्ट घेऊन दिला, पण इस्त्री का थांबली ते सांगितलं नाही.

मग गाणं सगळीकडे वाजायला लागलं. केस कापायच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकड्यांवर, लग्नाच्या हॉलमध्ये. एका वर्तमानपत्रात एकाने लिहिलं की मध्येच हसणं ही स्वस्त युक्ती आहे आणि ड्रमचा आवाज पोत्यावर काठी मारल्यासारखा आहे. भावाने ते मला वाचून दाखवलं. दुसरीकडे, लांबून दोन तरुण वादक कारखान्यात आले आणि ड्रमला कुठलं परदेशी यंत्र लावलंय असं विचारायला लागले. भावाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "ते आम्ही कुणाला दाखवत नाही." मी तेव्हा त्याच्या खांद्यावर होतो.

आणि मग त्याने जे करायचं ते केलं. प्रेमापोटी केलं, म्हणून मी फार बोलत नाही. त्याने सागवानी चौकट केली, काच लावली आणि मला आत बसवलं. मी सुरकुतू नये म्हणून पाठीला पूर्ण सरस लावून मागच्या फळीवर चिकटवलं. सुताराला कापड दिलं की तो त्याचं लाकूडच करतो.

काचेमागचे दिवस वाईट नव्हते असं लोक म्हणतील. धूळ नाही, घाम नाही, काठी नाही. लोक यायचे, वाकून बघायचे, फोटो काढायचे. पण मला कुणी ओलं करत नव्हतं, पिळत नव्हतं, वाळवत नव्हतं. ड्रमवर नवा लुसलुशीत टॉवेल आला होता. तो फुगलेला होता आणि आवाज द्यायच्या ऐवजी गिळायचा. मला त्याची कीवही यायची. त्याचा काय दोष, त्याने अजून वाफ पाहिली नव्हती.

मग त्यांना कार्यक्रमाचं बोलावणं आलं. त्याच सभागृहात, जिथे आत्या गाणं अर्ध्यावर सोडून आत आली होती. ती लगेच हो म्हणाली नाही. कारखान्यात आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ काचेतून बघत राहिली.

"हा बाहेर काढ."

"ताई, त्याला मी सरस लावलाय."

"कुठे?"

"सगळीकडे."

"अरे शहाण्या," आत्या म्हणाली, "टॉवेल आहे तो, टेबल नव्हे."

भावाने मला खरवडून काढायला पटाशी आणली, ती आत्याने हातातून काढून घेतली. मला फळीसकट लाँड्रीत नेलं. तिने इस्त्री तापवली, माझ्यावर पाणी शिंपडलं आणि वाफेने मला इंचाइंचाने सोडवलं. कितीतरी दिवसांनी ती वाफ माझ्या अंगात शिरली. आणि हे करताना आत्या गात होती. तेच गाणं. इस्त्री बाजूला न ठेवता.

डाग असलेला कोपरा मात्र सरसाने कडक झाला तो झालाच.

सभागृह तसंच भरलं होतं. फक्त या वेळी मी खुर्चीच्या पाठीवर नव्हतो, समोर दिव्यांत होतो. थप्, थप्. लोकांनी दुसऱ्या कडव्यापासून ठेका धरला. वरची ओळ जवळ आली तशी आत्याने डोळे मिटले आणि डोकं किंचित पुढे केलं. ती माझी वाट बघत होती. निघण्याआधी आम्ही तसंच ठरवलं होतं. मी उडायचं, तिच्यावर पडायचं, तिने माझ्याआड गायचं.

भावाने मला उडवलं. पण तो कडक कोपरा जड झाला होता. मी मधेच गोता खाल्ला आणि तिच्यापर्यंत पोहोचलोच नाही. तिच्या पायाशी, चपलेच्या टोकापाशी पडलो.

तिने डोळे उघडले. समोर सगळं सभागृह. तोंडावर काही नाही. चिमणीचे हात ऑर्गनवर थबकल्यासारखे झाले. आत्याने खाली माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. मला काहीच करता येत नव्हतं. आणि ती हसली. टेपवर आहे तसं नव्हे, त्याहून मोकळं. लोकही हसले, त्यांना वाटलं हा गाण्याचाच भाग आहे. मग ती उघड्या चेहऱ्याने, उघड्या डोळ्यांनी वर गेली, खरखरली, आणि शेवटच्या शब्दापर्यंत जाऊन पोहोचली. त्या पलीकडे गाणंच शिल्लक नव्हतं.

टाळ्या चालू असताना तिने वाकून मला उचललं आणि सगळ्यांच्या देखत तोंड पुसलं. मी लक्ष देऊन पाहिलं. नुसता घाम होता.

आता मी परत ड्रमवर असतो. महिन्यातून एकदा आत्या मला लाँड्रीत नेते, वाफ देते, आणि मी टेबलावरून फरशीवरच्या माझ्या भावाला हाक मारतो. मी दिवसेंदिवस पातळ होतोय. मधोमध एक बारीक छिद्र पडलंय, त्यातून उजेड दिसतो. चिमणी म्हणते, आवाज अजून छान झालाय.

कधीतरी मी अगदीच फाटेन. तेव्हा मला परत काचेत घालू नका, एवढंच सांगणं आहे. फार तर अजून एक तुकडा करा आणि एखाद्या गरम भांड्याला गुंडाळा. आणि तुमच्या घरात कुणी काम करता करता गुणगुणत असेल आणि दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर हातातलं फडकं त्याच्यावर फेकून बघा. जरा नेम धरून. नेम चुकला तरी चालेल.